मोटारीचें दुरुस्तीगृह व त्यांतील उद्योगाच्या वाटा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं आमच्या परिचयाच्या घरांतून एक ठराविक वाक्य ऐकूं येतें. मुलाला गुण चांगले मिळाले तर त्यास अमुक महाविद्यालयांत घालावयाचें, मध्यम मिळाले तर तमुक शाखेकडे वळवावयाचें, आणि अगदींच कमी मिळाले तर "घाला त्याला एखाद्या गॅरेजांत!" असें म्हणून वडील सुस्कारा टाकतात. ह्या वाक्यांत मुलावर जितका अन्याय आहे तितकाच तो गॅरेजवरहि आहे. ज्याला नीट वाचतां येत नाहीं, हिशेब जमत नाहीं व चार माणसांशीं सभ्यपणें बोलतां येत नाहीं, अशा मुलास आजच्या मोटारीच्या कारखान्यांत फार दिवस कोणी ठेवून घेणार नाहीं. हातांत पाना धरणाऱ्या कारागिराखेरीज तेथें आणखी किती प्रकारचीं कामें चालतात, त्यांस शिक्षण कोणतें लागतें, आणि त्यांत पुढें जाण्यास वाव किती, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

मोटारीचा धंदा आमच्या प्रांतास नवा नाहीं. १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें सुटे भाग आणून गाड्या जोडण्याचा कारखाना उघडला. १९४४ सालीं शेठ वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें जी पद्मिनी गाडी निघाली, तिनें काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें मुंबईची कित्येक दशकें सेवा केली व २०२३ सालीं रस्त्याचा निरोप घेतला. पुण्याच्या आसपास पिंपरी, आकुर्डी व अलीकडे चाकण येथें उभे राहिलेले कारखाने तर सर्वांच्या परिचयाचेच आहेत. परंतु गाडी बनविण्याचें काम एकदांच होतें. ती सांभाळण्याचें काम दहापंधरा वर्षें चालतें. कारखान्यांत नोकरी लागावी म्हणून जे विद्यार्थी वाट पाहत बसतात, त्यांचें लक्ष ह्या दुसऱ्या कामाकडे कसें जात नाहीं, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

पूर्वीं ही विद्या उस्तादाकडून मिळे. मुलगा हेल्पर म्हणून लागे, दोन वर्षें गाड्या धुई, पाने पुसून जागच्या जागीं ठेवी, आणि उस्तादाची मर्जी झाली म्हणजे एखादें चाक खोलावयास मिळे. एंजिनाचा आवाज कानानें ओळखून दोष सांगणारे असे कांहीं मिस्त्री अजूनहि आहेत आणि त्यांच्या ज्ञानाविषयीं आम्हांस मोठा आदर आहे. पण गाडीच बदलली. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींस भारत-स्टेज सहा ह्या धूरनियंत्रणाच्या नियमांप्रमाणें असावें लागतें. त्यांतील इंधन, ठिणगी व धूर ह्यांवर एक छोटा संगणक देखरेख करितो व दोष झाल्यास सांकेतिक अंक नोंदून ठेवितो. तो अंक यंत्रानें वाचणें सोपें असतें. वाचल्यावर तो अंक खरें बोलतो कीं केवळ एखादी तार सैल झाली आहे, हें ठरविणें कठीण. त्यास विजेचें ज्ञान लागतें, धीर लागतो व कंपनीचें इंग्रजी पुस्तक वाचण्याची तयारी लागते.

कारागिराच्या शिक्षणाची वाट सरळ आहे. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत, म्हणजे सर्वजण जिला आय. टी. आय. म्हणतात तींत, मेकॅनिक मोटार व्हेईकल हा दोन वर्षांचा व मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. त्यापुढें १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालीं एखाद्या कारखान्यांत उमेदवारी करितां येते व त्या काळांत विद्यावेतन मिळतें. ज्यास अधिक शिकावयाचें असेल त्यानें दहावीनंतरच तीन वर्षांच्या ऑटोमोबाइल अथवा मेकॅनिकल पदविकेस जावें. दोन वर्षांचा आय. टी. आय. पूर्ण केलेल्यासहि पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेशाची सोय आपल्या राज्यांत आहे. ही शेवटली गोष्ट पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी, कारण आय. टी. आय.ला गेलेल्या मुलाचा पुढचा रस्ता बंद झाला अशी एक समजूत उगाच रूढ आहे.

आतां कारखान्याच्या दारांतून आंत जाऊं. गाडी घेऊन आलेल्या मालकास प्रथम भेटतो तो सर्व्हिस ॲडव्हायझर. ह्याचें काम वरवर पाहतां कारकुनाचें दिसतें, कारण तो जॉब कार्ड भरतो. वास्तविक तो दुभाष्याचें काम करीत असतो. मालक म्हणतो, "गाडी खेचत नाहीं," किंवा "डावीकडून कडकड असा आवाज येतो." हा आवाज थंड गाडींत येतो कीं तापल्यावर, वळतांना कीं खड्ड्यांत, ब्रेक दाबल्यावर कीं सोडल्यावर, असे पांचसहा प्रश्न विचारून जो ॲडव्हायझर कार्डावर नेमकी दोन वाक्यें लिहितो, तो कारागिराचा अर्धा दिवस वांचवितो. जो केवळ "आवाज येतो, तपासणें" एवढेंच लिहितो, त्याची गाडी संध्याकाळीं जशीच्या तशी परत जाते व मालक दुसऱ्या दिवशीं रागावून पुन्हां येतो. खर्चाचा अंदाज आधीं सांगणें, काम वाढल्यास मालकास विचारल्यावांचून हात न लावणें, व गाडी परत देतांना बिलांतील प्रत्येक ओळ समजावून सांगणें हींहि त्याचींच कामें.

ह्या पदाची एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं ॲडव्हायझरास महिन्याकाठीं अमुक रकमेचें जादा काम आणण्याचा आंकडा नेमून दिलेला असतो. मग एंजिनची सफाई, वातानुकूलनाची सफाई, अमुक लेप, तमुक पॉलिश अशीं अनावश्यक कामें मालकाच्या गळ्यांत घालण्याचा मोह उत्पन्न होतो. बावीसतेवीस वर्षांच्या तरुणास वरिष्ठांच्या दडपणापुढें नाहीं म्हणणें सोपें नसतें. ज्या कारखान्यांत उमेदवारी करावयाची तेथें हा आंकडा कसा ठरवितात, हें आधींच चौकशी करून पाहावें.

ॲडव्हायझराच्या मेजामागें कोठार असतें. सुट्या भागांचें हें खातें आम्हांस सर्वांत दुर्लक्षित वाटतें. एका मोटारींत हजारों भाग असतात, आणि एकाच नांवाच्या गाडींत वर्षागणिक, कधीं तर वर्षाच्या मध्येंच, भाग बदलतात. म्हणून कोठारांतला जाणता मनुष्य गाडीच्या नांवावर विश्वास ठेवीत नाहीं. तो चासी नंबर मागतो. हा नंबर सतरा अक्षरांचा व अंकांचा असतो. त्यांत रोमन लिपींतील आय, ओ व क्यू हीं अक्षरें कधींच येत नाहींत, कारण त्यांचा एक व शून्य ह्या अंकांशीं घोटाळा होतो. त्या सतरा खुणांवरून गाडी कोणी बनविली व कोणत्या प्रकारची हें कळतें आणि कंपनीच्या सूचींतून नेमक्या भागाचा क्रमांक सांपडतो. एक अंक चुकला तर काय होतें? भाग येतो, बसत नाहीं. गाडी खोललेल्या स्थितींत रॅम्पवर अडकून पडते. मागच्या गाड्या खोळंबतात. मालकाची कामावर जाण्याची सोय तुटते. आणि चुकीचा भाग पुष्कळदां परत घेतला जात नाहीं, तो कोठारांत धूळ खात पडतो.

अशा पडून राहिलेल्या मालांत धंद्याचें भांडवल गोठतें. त्यामुळें कोणता भाग रोज खपतो, कोणता महिन्यांतून एकदां व कोणता वर्षांतहि नाहीं, ह्यांची वर्गवारी ठेवून मागणी लावावी लागते. तेलाचे फिल्टर, ब्रेकचे पॅड हे भाग संपूं देऊन चालत नाहीं. एखाद्या जुन्या गाडीचें दार मात्र मागणी आल्यावरच आणावें. ज्या मुलाची वही नीटनेटकी, ज्यास अंकगणिताची गोडी, पण ज्यास चारचौघांत बोलण्याचा संकोच, अशासाठीं हें काम फार चांगलें. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसहि येथें जागा आहे. पुण्याच्या नाना पेठेंत सुट्या भागांच्या दुकानांच्या रांगा ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांस हेंहि कळेल कीं, ह्या विद्येच्या जोरावर पुढें स्वतःचें दुकान थाटतां येतें. नकली माल ओळखण्याची दृष्टि तेवढी हवी. वेष्टन हुबेहूब असतें, पण धातूची घडण व छाप्याची रेघ बारकाईनें पाहणाऱ्यास फसवूं शकत नाहीं. ब्रेकचा नकली पॅड हा केवळ व्यापारी लबाडीचा विषय नव्हे, हें सांगावयास नकोच.

ह्यापुढील काम मात्र आम्ही थोडें विस्तारानें सांगणार आहों, कारण त्यांत यंत्रविद्या, हिशेब व सचोटी ह्या तिन्हींची एकाच वेळीं परीक्षा होते. हें काम म्हणजे अपघातांत सांपडलेल्या गाडीच्या नुकसानीचा अंदाज करणें.

आपला १९८८ चा मोटारवाहन कायदा प्रत्येक वाहनास तिऱ्हाइताच्या हानीपुरता विमा सक्तीचा करितो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे. तो ज्यानें उतरविला त्याची गाडी आपटली म्हणजे ती कारखान्यांत येते. तेथील अंदाजकार नुकसानीचा तक्ता तयार करितो. मग विमा कंपनीकडून सर्व्हेयर, म्हणजे नुकसानीचा मापक, येऊन गाडी व तक्ता दोन्ही तपासतो. एक कारखान्याच्या बाजूचा, दुसरा परवानाधारक तिऱ्हाईत. पण दोघांस लागणारी विद्या जवळजवळ एकच.

पहिला प्रश्न, काय मोडलें आहे? हा वाटतो तितका सोपा नाहीं. आजच्या लहान मोटारींत जुन्या ट्रकप्रमाणें निराळा सांगाडा नसतो. पत्र्याचें सबंध कवचच सांगाड्याचें काम करितें, आणि त्याचा पुढचा व मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा केलेला असतो. टक्कर झाली म्हणजे तो भाग चुरगळून धक्का स्वतः खातो व मधल्या खोलींतील माणसें वांचतात. बाहेरचा बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळें दबून पुन्हां बाहेर येतो व पाहणारास वाटतें, एक ओरखडा तेवढा आला. आंतील लोखंडी पट्टी मात्र वांकलेली असते. म्हणून अनुभवी अंदाजकार ठोकरेच्या जागेकडे पाहण्यापूर्वीं गाडीभोवतीं एक फेरी मारतो. दारें व बॉनेट ह्यांच्या फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत का, दार उघडतांना घासतें का, छताच्या कोपऱ्यावर रंगास सुरकुती आहे का, हें तो पाहतो. कारण पुढून बसलेला धक्का पुष्कळदां मागें खूण ठेवितो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची गाडी बंपर बदलून, रंग देऊन, चकचकीत होऊन घरीं आली. सहा महिन्यांत तिचे पुढचे दोन टायर एका कडेनें झिजले. आंतला दांडा वांकलेलाच राहिला होता. टायरांवरच भागलें हें त्यांचें दैव. तोच दांडा दुसऱ्या टकरींत धक्का कसा घेणार होता, हा विचार मनांत आला म्हणजे अजून अंगावर कांटा येतो.

दुसरा प्रश्न, सुधारावें कीं बदलावें? साध्या पत्र्याचा पोंचा कुशल डेंटर ठोकून काढतो, वर लांबी भरून रंग देतात व भाग पूर्वींसारखा होतो. तो बदलण्याची शिफारस करणें म्हणजे मालकाचें वा विमा कंपनीचें धन उधळणें होय. उलट, दारांच्या खांबांत वापरलेलें अतिशय कठीण पोलाद तापवून सरळ केलें तर त्याचें बळ जातें. तें दिसावयास सरळ असलें तरी निकामी. एकदां फुगलेली एअरबॅग पुन्हां घडी करून बसवितां येत नाहीं, व तिच्याबरोबर ताण खाल्लेले सीटचे पट्टेहि बदलावे लागतात. येथें काटकसर करणारा अंदाजकार कोणाचाहि मित्र नव्हे.

तिसरा प्रश्न पैशाचा. पालकांच्या उपयोगाचा म्हणून तो उदाहरणानें सांगतों. किंमती केवळ समजण्यापुरत्या घेतल्या आहेत व कर बाजूस ठेविला आहे. समजा, गाडीस दोन वर्षें चार महिने झाले आहेत. बंपर ४,००० रुपये, दिवा ६,००० रुपये, पत्र्याचें फेंडर ३,००० रुपये, पुढची कांच ५,००० रुपये, रंगकाम ८,००० रुपये, मजुरी ३,००० रुपये. एकूण बिल २९,००० रुपये. गाडीमालकास वाटतें, विमा आहे, सर्व मिळेल. पण २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफपासून चालत आलेल्या घसाऱ्याच्या नियमांप्रमाणें, जे सर्वसाधारण पॉलिसींत आजहि आढळतात, रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी किंमत कापली जाते. म्हणजे बंपराचे २,००० व दिव्याचे ३,००० च मिळावयाचे. धातूच्या भागावर घसारा गाडीच्या वयाप्रमाणें असतो. सहा महिन्यांपर्यंत कांहीं नाहीं, दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान शेंकडा १५, आणि दहा वर्षांपुढें शेंकडा ५०. तेव्हां फेंडराचे २,५५० मिळाले. कांचेवर घसारा नाहीं. पूर्ण ५,००० मिळाले. रंगकामाचें बिल एकत्र असल्यास त्याचा चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरून त्या मालावर निम्मा घसारा लावतात. म्हणून ८,००० पैकीं १,००० कमी, ७,००० मिळाले. मजुरी पूर्ण. बेरीज २२,५५०. त्यांतून लहान एंजिनाच्या गाडीस मालकानें सोसावयाचे सक्तीचे १,००० रुपये वजा जातां कंपनी २१,५५० देते व मालकाच्या खिशांतून ७,४५० जातात. घसारा न कापणारी पॉलिसी जादा हप्ता देऊन घेतां येते. तिला लोक झीरो डेप म्हणतात. हा हिशेब आठवीच्या गणिताच्या पलीकडचा नाहीं. तरीहि तो गाडी मोडण्यापूर्वीं समजावून घेणारा मालक आम्हांस क्वचितच भेटला आहे.

आणि दुरुस्तीचा एकंदर खर्च गाडीच्या विम्यांत ठरविलेल्या किंमतीच्या शेंकडा ७५ हून अधिक झाला तर गाडी संपूर्ण नष्ट झाली असें धरितात. किंमत ४,००,००० धरली असेल तर ही रेषा ३,००,००० वर येते. अंदाज २,९०,००० चा निघतो कीं ३,१०,००० चा, ह्यावर गाडी मालकाकडे परत जाते कीं भंगारवाल्याकडे, हें ठरतें. गाडी भाड्यानें चालवून संसार करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीनें हे वीस हजार म्हणजे कागदावरचा किरकोळ फरक नव्हे. अंदाजकाराच्या टेबलावर दडपणें येतात तीं अशाच जागीं. जुना पोंचा नव्या अपघातांत घाला असें मालक सुचवितो, सुधारणारा भाग बदलला असें लिहा असें कारखान्यांतील कोणी म्हणतो. खोट्या तक्त्यावरची सही पुढें न्यायालयांतहि दाखविली जाते, हें तरुणांनीं विसरूं नये.

सर्व्हेयर होण्यास काय करावें लागतें? मोटार विभागाकरितां यंत्र अथवा ऑटोमोबाइल शाखेची पदवी वा पदविका हा नेहमींचा पाया. मग परवानाधारक सर्व्हेयराच्या हाताखालीं उमेदवारी, इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ह्या मुंबईच्या संस्थेची परीक्षा, आणि शेवटीं विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना. ह्या व्यवसायाची स्वतःची संस्थाहि आहे. परवाना मिळाल्यावर मनुष्य स्वतंत्र व्यवसाय करूं शकतो, मात्र सुरवातीचीं वर्षें कामें थोडीं व फी लहान असते. घरीं थोडा आधार असल्यास ही वाट सुखाची. विमा कंपन्यांत दावे तपासण्याच्या पगारी नोकऱ्याहि असतात. अमेरिकेंत १९७२ सालीं स्थापन झालेली ए. एस. ई. नांवाची संस्था कारागीर, सुट्या भागांचा जाणकार, सर्व्हिस ॲडव्हायझर व अपघाती नुकसानीचा अंदाजकार ह्या प्रत्येकासाठीं वेगळी परीक्षा घेते. आपल्याकडेहि २०११ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल हीं कामें निरनिराळीं मानून त्यांचे अभ्यासक्रम आखते. पण मालक लोक त्या प्रमाणपत्रांस सर्वत्र सारखीच किंमत देतात असें दिसत नाहीं.

दोन गोष्टी आरोग्याविषयीं. रंगखान्यांतील आधुनिक रंगाच्या फवाऱ्यांत आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें असतात व त्यांनीं दम्याचा विकार जडूं शकतो. तोंडास रुमाल बांधून हें निभत नाहीं. योग्य मुखवटा व हवा खेंचणारी बंदिस्त खोली पाहिजे. ज्या ठिकाणीं ती नाहीं तेथें मुलास रंगकामावर ठेवूं नये, पगार कितीहि देऊं केला तरी. दुसरी गोष्ट विजेवर चालणाऱ्या मोटारींची. त्यांतील उच्च दाबाच्या तारा नारिंगी वेष्टनांत असतात, आणि योग्य शिक्षण घेतल्यावांचून त्यांस हात लावणें जिवावर बेतूं शकतें. आय. टी. आय. मध्यें विद्युत्-वाहनांचा स्वतंत्र अभ्यासक्रमहि आतां निघाला आहे.

मुलींच्या पालकांकडून आम्हांस विचारणा होते म्हणून लिहितों कीं, वर सांगितलेल्या कामांपैकीं एकाहि कामास मुलगी अपात्र नाहीं. कोठाराचें, ॲडव्हायझराचें व अंदाजाचें काम तर मुख्यत्वें डोळ्यांचें, वहीचें व वाणीचें आहे. कारखान्यांत स्त्रियांकरितां स्वतंत्र स्वच्छतागृह आहे कीं नाहीं व संध्याकाळीं सुटण्याची वेळ नक्की कोणती, एवढें आधीं पाहून यावें.

आय. टी. आय. व पदविका ह्यांचे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास संकेतस्थळावर भरावे लागतात. त्यापूर्वींच्या सुटींत एखाद्या शनिवारीं पालकांनीं मुलास आपल्या गाडीबरोबर कारखान्यांत न्यावें व जॉब कार्ड भरण्यापासून गाडी हातांत येईपर्यंत तेथेंच बसवावें. शनिवारीं गर्दी अधिक असते, त्यामुळें त्यास सर्व मंडळी कामांत असलेलीं दिसतील.